दुःखाचे वकीलपत्र

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात 'विद्यार्थी समुपदेशन कक्ष' सुरू झाला. वरून परिपत्रक आले होते. क्रीडा विभागाचे मोडके सामान ठेवण्याची खोली रिकामी करण्यात आली. एक टेबल आणि दोन खुर्च्या आल्या, दारावर पाटी रंगवली गेली आणि कक्षप्रमुख म्हणून माझे नाव लिहिले गेले. माझी निवड का झाली? मी इतिहास शिकवतो. माझे तास इतरांपेक्षा कमी होते. समुपदेशनाशी माझा संबंध एवढाच.

पहिले तीन महिने तिकडे कोणी फिरकले नाही. चौथ्या महिन्यात एक मुलगा आला. कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाचा. बराच वेळ तो टेबलाच्या कडेकडे पाहत बसला. मग म्हणाला, "सर, शिष्यवृत्तीची यादी बोर्डावर लागली ना, त्या दिवसापासून वर्गात बसवत नाही. हजेरीला नाव घेतलं की घाम फुटतो. रात्री झोप लागत नाही."

मी त्याला काय सांगितले ते जसेच्या तसे लिहितो. "अरे, बाबासाहेबांना शाळेत वेगळं बसावं लागलं, घरून पोतं नेऊन. तरी ते शिकले. तुला बाक मिळालाय, डोक्यावर पंखा मिळालाय. एवढ्यानं खचून कसं चालेल?"

"हो सर," म्हणून तो उठला. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो महाविद्यालयात आला नाही.

मी खोटे काहीच बोललो नव्हतो. परंतु त्या मुलाने माझ्यासमोर आपले दुःख ठेवले आणि मी त्यावर महापुरुषाचे चरित्र ठेवून ते झाकून टाकले. तो माझ्याकडे आला त्याचे कारणही उघड होते. मी त्याच्याच समाजातला, पहिल्या पिढीचा पदवीधर. 'सरांना कळेल' असे त्याला वाटले असणार. मला कळले नाही. तेव्हापासून एक प्रश्न मला छळतो आहे : दुसऱ्याचे दुःख ऐकण्याच्या खुर्चीत बसण्याचा अधिकार कशाने मिळतो? पदवीने? जन्माने? सारखे भोगल्याने? मी इतिहासाचा माणूस असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधू लागलो. प्रस्तुत लेख हा त्या शोधाचा जमाखर्च आहे.

१

मी एकलहऱ्याचा. नाशिकरोडजवळचे, गोदाकाठचे हे गाव. १९७०-७१ साली येथे औष्णिक विद्युत केंद्राचे पहिले दोन संच सुरू झाले आणि १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे आणखी तीन. या केंद्राच्या उभारणीच्या वेळी आजोबा सिन्नर तालुक्यातून पोट घेऊन इकडे आले. पुढे वडील ठेकेदाराच्या हाताखाली कोळशाच्या यार्डात लागले. संध्याकाळी ते प्यायचे. छातीतला कोळसा खाली उतरवायला पितात, असे आई म्हणायची. आमच्या रांगेतल्या बहुतेक घरांत हेच चाले. का पितोस, असे वडिलांना रागाने विचारणारे पुष्कळ होते. खरोखर उत्तर हवे म्हणून विचारणारा मात्र मी कोणी पाहिला नाही.

आजी एक गोष्ट सांगे. तिच्या सासूच्या अंगात येत असे. एरवी ही बाई पुरुषांपुढे मान वर करीत नसे. नवऱ्याचा मार खाई, उपाशी झोपे, पण तोंडातून शब्द काढीत नसे. अंगात आले की मात्र ती घुमू लागे, केस मोकळे सोडी आणि मरीआईच्या तोंडाने बोले. मारणाऱ्याचे नाव घेऊन त्याला जाब विचारी. हिरव्या बांगड्या मागे, भाकर मागे. सारी वस्ती हात जोडून ऐके. नवराही ऐके.

१९५६ च्या धर्मांतरानंतर आजोबांनी घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले. ते योग्यच केले. भगत आणि देवऋषी आमच्या लोकांच्या कोंबड्या-बकऱ्यांवर आणि भीतीवर जगत होते. त्यांच्या अंगाऱ्या-धुपाऱ्याच्या नादात कित्येक जीव दवाखान्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. ती दुकाने बंद होणे आवश्यक होते आणि मी त्यांचे गोडवे गाणार नाही. परंतु एक गोष्ट आपल्या ध्यानात आलेली नाही. त्या अज्ञानाच्या पोटात एक ऐकणारी जागा होती. देवाबरोबर ती जागाही गेली. देव्हाऱ्याच्या जागी आपण बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरी लावल्या, पुस्तके ठेवली. पण ज्या बाईला वर्षातून दोनदा का होईना सारी वस्ती ऐकत होती, तिने आता कुठे बोलावे, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

वास्तविक ज्या धम्मात आपण गेलो, त्यात याचे उत्तर होते. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी किसा गोतमीची कथा घेतली आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणारी ही बाई बुद्धापुढे आली. तिला वेडी ठरवून हाकलणारे पुष्कळ होते. बुद्धाने तिला वेडी म्हटले नाही की अनित्यतेवर प्रवचन दिले नाही. ज्या घरात कोणी मेलेले नाही अशा घरातून मोहरी आण, असे सांगितले. ती दारोदार फिरली. प्रत्येक दारी तिने स्वतःचे दुःख सांगितले असेल आणि त्या घराचे ऐकले असेल. परत आली तेव्हा तिला सत्य कळले होते. त्या मुलाला मी सत्य आधीच सांगून टाकले. त्याच्या वाटची दारे मी त्याला फिरू दिली नाहीत.

२

आता सरकारी बाजू पाहू. इंग्रज सरकारने १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला आणि १९१२ साली त्याच्या जागी नवा आणला. या कायद्यांच्या केंद्रस्थानी मॅजिस्ट्रेटचा हुकूम होता. माणूस धोकादायक आहे का, त्याला डांबावे का, खर्च कोणी करावा, याचा खल त्यात आहे. त्याला काय म्हणायचे आहे, याला त्यात जागा नाही. स्वातंत्र्यानंतरही १९१२ चाच कायदा चालू राहिला. तो बदलायला १९८७ साल उजाडावे लागले. ठाणे, येरवडा, रत्नागिरी, नागपूर ही महाराष्ट्रातील मनोरुग्णालयांची चार गावे. आपल्या बोलीत 'ह्याला ठाण्याला नेऊन घाला' ही शिवी झाली ती काही उगाच नाही. तिथे माणूस बरा होण्यासाठी जातो, अशी लोकांची समजूतच नव्हती.

मन सर्वांचे सारखेच असते असे मानसशास्त्र म्हणते. पण त्या शास्त्राची इमारत बांधताना राज्यकर्त्यांना जन्म बरोबर आठवत होता. रांचीला १९१८ साली युरोपियनांसाठी एक मनोरुग्णालय झाले आणि १९२५ साली हिंदी लोकांसाठी दुसरे. वेडालासुद्धा रंग होता. मनोविकाराचा डॉक्टर हा तटस्थ वैज्ञानिक असतो, त्याची पार्श्वभूमी उपचाराच्या खोलीत येत नाही, असे आजही सांगितले जाते. खोलीच्या भिंतीच जिथे जन्म पाहून उभारल्या, तिथे खुर्चीतला माणूस तेवढा जन्माच्या बाहेर कसा असेल?

३

मराठी मुलखात मनातले बोलण्याची एक वेगळी जागा निघाली ती इस्पितळात नव्हे, एका मासिकात. रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि त्या कार्यापायी १९२५ साली विल्सन कॉलेजातील नोकरी सोडली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. त्यात वाचकांच्या प्रश्नांना ते उत्तरे देत. जे प्रश्न नवरा बायकोला विचारू शकत नव्हता आणि मुलगा बापाला विचारू शकत नव्हता, ते लोक टपालाने कर्व्यांना विचारीत. भीती, अपराधाची भावना, शरीराची लाज, कोणाला न सांगता येणारी ओढ. कर्वे समुपदेशक नव्हते, तो शब्दही तेव्हा चलनात नव्हता. पण त्यांचे काम तेच होते. त्यांची रीत तपासण्यासारखी आहे. ते विचारणाऱ्याला पापी ठरवीत नसत, उपदेशाचे डोस पाजत नसत. जे माहीत आहे ते सरळ, कोरड्या, काहीशा तिरकस भाषेत सांगत. विचारणाऱ्याची जात, लग्न, नीती यांचा पंचनामा करीत नसत.

अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली मुंबईत या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

ही घटना आपल्या चळवळीत पुरेशी बोलली गेलेली नाही. ते दिवस आठवा. काळारामाचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, त्याला चार वर्षे होत आली होती. पुणे करार होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. बाबासाहेबांच्या अंगावर कामाचे डोंगर होते. सनातनी तर सोडाच, सुधारकही कर्व्यांच्या वाऱ्याला उभे राहायला कचरत होते. अशा वेळी एका ब्राह्मण प्राध्यापकाचे, तेही असल्या 'घाणेरड्या' विषयावरचे वकीलपत्र घेण्याची बाबासाहेबांना काय गरज होती? त्यातून ना पैसा मिळणार होता, ना मते. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच ते अश्लील ठरत नाही, आणि लोकांना प्रश्न पडत असतील तर त्यांना ज्ञानाच्या आधारे उत्तर मिळालेच पाहिजे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. असले विकृत प्रश्न छापायचेच कशाला, या आक्षेपाला त्यांचे उत्तर असे की, विकृती असेल तर ती ज्ञानानेच जाईल. खटला हरला. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. बाबासाहेबांनी मात्र हा विषय टाकला नाही. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात पी. जे. रोहम यांच्यामार्फत त्यांनी संततिनियमनाच्या प्रचाराचा ठराव आणवला.

मला या खटल्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याला 'शिवू नकोस, बोलू नकोस, विचारू नकोस' असे जन्मापासून सांगण्यात आले, तो माणूस दुसऱ्याच्या विचारण्याच्या हक्कासाठी उभा राहिला. ज्या प्रश्नांना समाजाने अस्पृश्य ठरवले होते, त्या प्रश्नांना त्याने न्यायालयात नेले. लाज वाटायला लावून माणसाला गप्प करणे ही काय चीज आहे, हे त्यांना पुस्तक वाचून कळायचे नव्हते. त्यांच्या पार्श्वभूमीने त्यांना हे ज्ञान दिले होते. पण नुसती पार्श्वभूमी तिथे उभी नव्हती. तिच्यासोबत कायद्याचा अभ्यास होता. आणि स्वतःच्या जखमेपलीकडे जाऊन, आपल्यासारख्या नसलेल्या माणसाची बाजू घेण्याची तयारी होती.

अमेरिकेत कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने १९५१ सालच्या आपल्या ग्रंथात 'रुग्ण' हा शब्द बाजूला सारून 'क्लायंट' हा शब्द रूढ केला. समोरचा माणूस आजारी म्हणून खालचा नाही, हे त्याला सांगायचे होते. मराठीत या शब्दाचे आपण काय केले? कोणी 'लाभार्थी' म्हणतो, कोणी 'ग्राहक'. एक सरकारी, दुसरा बाजारी. वकिलाच्या क्लायंटला मात्र मराठीत जुना शब्द आहे : अशील. अशील म्हणजे ज्याची बाजू मांडण्याची जबाबदारी दुसऱ्याने स्वीकारली आहे असा माणूस. कर्वे हे बाबासाहेबांचे अशील होते. बाबासाहेबांनी त्यांना 'जरा सौम्य लिहा' असे सांगून घरी पाठवले नाही. वकील आधी अशिलाचे म्हणणे पुरते ऐकून घेतो. कुठे बाजू लंगडी आहे ते त्याला तोंडावर सांगतो, पण बाजू सोडत नाही. माझ्यासमोर बसलेला मुलगा माझा अशील होता. मी त्याच्यापुढे न्यायाधीश होऊन बसलो आणि निकाल देऊन टाकला.

४

मग उत्तर सोपे झाले का? आपल्या माणसांसाठी आपलीच माणसे या खुर्चीत बसवावीत, म्हणजे झाले? मलाही काही काळ तसेच वाटले. फ्रान्ट्झ फॅनन वाचल्यावर मी थांबलो.

फॅननचे नाव आपल्याला परके नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन, आणि त्या ब्लॅक पँथरचे संस्थापक फॅनन वाचून तयार झालेले होते. आपण त्याला क्रांतीचा भाष्यकार म्हणून ओळखतो. पोटापाण्याचा त्याचा धंदा मात्र मनोविकारतज्ज्ञाचा होता. १९२५ साली मार्टिनिक या फ्रेंच वसाहतीत जन्मलेला हा काळा माणूस फ्रान्समध्ये डॉक्टर झाला आणि १९५३ च्या नोव्हेंबरात अल्जीरियातील ब्लिदा येथील मनोरुग्णालयात विभागप्रमुख म्हणून रुजू झाला.

रुग्णांना कोंडून न ठेवता त्यांचे एक समाजजीवन उभे करावे, ही उपचारपद्धती तो फ्रान्समध्ये शिकून आला होता. सभा, सण, नाटक, चित्रपट, हस्तकला, रुग्णांचे स्वतःचे वार्तापत्र. युरोपियन स्त्रियांच्या विभागात तिचा थोड्याच दिवसांत गुण आला. अल्जीरियन मुसलमान पुरुषांच्या विभागात हीच पद्धती तीन महिने राबवूनही सपशेल फसली. माणसे येऊन बसत आणि भिंतीकडे पाहत. विचार करा. फॅनन काळा होता. वसाहतीतला होता. गोऱ्यांच्या नजरेने माणसाचे काय होते यावर त्याने एक अख्खा ग्रंथ लिहिला होता. आणि तरीही त्याला त्याच्या समोरची पिळलेली माणसे कळली नाहीत.

त्याने दोष रुग्णांवर ढकलला नाही. हे लोक मागासलेले, आळशी, यांच्या मेंदूतच काही कमी आहे, असे सांगणारे फ्रेंच डॉक्टर अल्जीरियात होतेच. फॅननने आणि त्याचा सहकारी जाक अझुले याने आपली चूक तपासली आणि १९५४ साली ती छापून प्रसिद्ध केली. आपल्याला यांची भाषा येत नाही. मध्ये दुभाषा लागतो, आणि या लोकांनी दुभाषा पाहिला आहे तो कचेरीत नाहीतर पोलीस ठाण्यात. म्हणजे आपण विचारपूस करतो तेव्हा त्यांना ती उलटतपासणी वाटते. आपण साजरे करतो ते सण त्यांचे नाहीत. मग त्यांनी विभागात त्यांच्या रीतीचे कॉफीचे दुकान काढले, त्यांचे सण सुरू केले, गोष्टी सांगणाऱ्याला बोलावले. माणसे हळूहळू उठून बसू लागली.

समान शोषण भोगले म्हणून समान समज येत नाही, ती कमवावी लागते, हे फॅननकडून शिकण्यासारखे आहे. माझ्या आणि त्या मुलाच्या मध्येही एक दुभाषा होता. माझा पगार, माझी नेट परीक्षा, माझे 'सर'पण. मी त्याच्या भाषेत बोलत होतो असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी यशस्वी झालेल्याच्या भाषेत बोलत होतो, आणि त्या भाषेत त्याने आजवर फक्त निकालच ऐकले असतील.

फॅननने १९५६ साली राजीनामा दिला. आपल्याच देशात माणसाला परके करून ठेवणाऱ्या राजवटीत, माणसाचे परकेपण दूर करणारे हे शास्त्र चालवणे त्याला अशक्य वाटले. १९६१ साली, मृत्यूच्या वर्षी आलेल्या शेवटच्या ग्रंथात त्याने काही रुग्णांच्या हकिकती दिल्या आहेत. त्यात एक युरोपियन पोलीस अधिकारी आहे. कैद्यांचा छळ करण्याची नोकरी करता करता तो घरी बायकामुलांना मारू लागला. नोकरी सोडायची त्याची इच्छा नव्हती. मन न खाता छळ करता यावा, एवढेच औषध त्याला हवे होते. मनोविकाराचा डॉक्टर कशासाठी असतो, हा प्रश्न या हकिकतीत उघडानागडा उभा आहे. माणसाला कशाशी जुळवून घ्यायला शिकवायचे? जुळवून घेण्याजोगे काही नसेल तर?

५

हा प्रश्न अल्जीरियाचा राहिलेला नाही. नेटच्या तयारीच्या काळात मी स्वतः एका शहरातील समुपदेशकाकडे गेलो होतो. रात्र रात्र झोप नव्हती, अभ्यासाला बसलो की हात थरथरत. पहिला प्रश्न आडनावाचा आला, दुसरा गावाचा. मी वसतिगृहातले काही प्रसंग सांगितले. उत्तर मिळाले की आता जात कुठे राहिली आहे, हे तुमच्या मनाने घेतलेले आहे. रोज सकाळी स्वतःविषयी दहा चांगली वाक्ये लिहीत चला. मी पंधरा दिवस लिहिली. सोळाव्या दिवशी वही मिटली.

या अनुभवाचा राग मी पुष्कळ वर्षे बाळगला. आज मात्र माझ्या कक्षातला तो मुलगा आठवला की दोन्ही प्रसंग शेजारी शेजारी ठेवावेसे वाटतात. तिथे मला सांगण्यात आले की जात नाहीच. मी त्या मुलाला सांगितले की जात आहे, तिने आपल्या पूर्वजांना याहून फार भोगायला लावले, तेव्हा तू सोस. एकाने दुःखाचे कारण नाकारले, दुसऱ्याने कारण मान्य करून दुःख नाकारले. दोन्ही खुर्च्यांतून ऐकणे मात्र झाले नाही. चळवळीतल्या आपण सर्वांनी हे कबूल केले पाहिजे. 'रडू नका, लढा' हे आपण पोरांना शिकवले. काळाची ती गरज होती. परंतु लढणाऱ्याला रडू येते तेव्हा त्याने कोणाकडे जावे, याची सोय आपण केली नाही. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुलाने जीव दिला. २०१९ साली मुंबईत एका आदिवासी निवासी डॉक्टर तरुणीने दिला. आपण रस्त्यावर उतरलो, आणि उतरलेच पाहिजे होते. आदल्या रात्रीचे काय, हा प्रश्न मात्र घोषणांत मावत नाही.

६

अखेरीस महाराष्ट्रातलेच एक उदाहरण, ज्याने मला दिशा दिसली. १९८० नंतरच्या काळात पुण्या-मुंबईत गर्दचे व्यसन पसरले. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून १९८६ साली त्याच परिसरात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. ज्या जागेची ओळख कुलपांसाठी होती, तिथे त्यांनी कुलूप न लावता केंद्र चालवले. दाखल झालेल्याने आपली कामे आपण करायची, झाडलोट करायची, गटात बसून बोलायचे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे तिथे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाली. अमेरिकेत १९३५ साली दारूच्या आहारी गेलेल्या माणसांनी एकमेकांना सावरण्यासाठी काढलेल्या संघटनेचे सूत्र हेच होते. बायकांचेही गट तिथे भरू लागले, कारण पिणारा एक असला तरी भोगणारे घर असते. डॉ. अवचट १९९७ साली गेल्या. काम चालू राहिले.

यात मला दोन धागे एकत्र आलेले दिसतात. भोगलेपण आणि शिस्त. व्यसनातून गेलेला माणूस समोरच्याची थाप लगेच ओळखतो, पण त्याला 'मी सोडली, तुला का जमत नाही?' असे म्हणून चालत नाही. ते गिळायला त्याला शिकावे लागते. माझी चूक नेमकी तीच होती. मी शिकलो, तुला का जमत नाही?

माझ्या वडिलांना मुक्तांगण माहीत नव्हते. यार्डातल्या ठेकेदाराच्या मजुराला महिनाभर पुण्याला कोण पाठवणार होते? ते तसेच गेले. का पीत होते, ते त्यांच्याबरोबर गेले.

७

कायदा आता बदलला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून अंमलात आला. जात, वर्ग, धर्म, लिंग यांवरून भेदभाव न होता परवडणारे मानसिक उपचार मिळणे हा त्यात हक्क मानला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न धरता, तो तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, असेही त्यात आहे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीवरून मानसिक आधार देण्याची सरकारी सोयही झाली आहे. हे क्रमांक आणि कलमे आपल्या वसतिगृहांच्या भिंतीवर लिहिली पाहिजेत. हक्क कागदावर आला की अर्धी लढाई होते. उरलेली अर्धी, समोरच्या खुर्चीत कोण आणि कसे बसते यावर ठरते.

म्हणून शिक्षक मित्रांना आणि या विषयाकडे वळणाऱ्या आपल्या मुलामुलींना मी एवढेच सुचवीन. या खुर्चीत आपली माणसे आलीच पाहिजेत. ती आजवर दूर ठेवली गेली आहेत आणि त्याची किंमत आपण मोजली आहे. पण जन्माने मिळालेले ज्ञान हा परवाना समजू नका. फॅननसारखा माणूस तीन महिने चुकला, आणि ती चूक छापण्याचे धैर्य त्याने दाखवले. दुःखाचे वकीलपत्र घ्यायचे असेल तर आधी अशिलाची हकिकत शेवटपर्यंत ऐकावी लागते. बाबासाहेबांचे नाव त्यानंतर घ्यावे. ते नाव समोरच्याला उभे करण्यासाठी आहे, गप्प करण्यासाठी नव्हे.

तो मुलगा मला मागच्या उन्हाळ्यात सिन्नर फाट्यावर भेटला. पार्सलच्या गोदामात कामाला लागला आहे. "बरं चाललंय सर," तो म्हणाला. आम्ही टपरीवर चहा घेतला. मी त्याला म्हणालो, "त्या दिवशी तुला आणखी काहीतरी सांगायचं होतं. मी ऐकलं नाही. चुकलो." तो बराच वेळ काही बोलला नाही. पेल्यातला चहा गार झाला. मग तो बोलू लागला. यादीखाली कोणीतरी पेनाने काय लिहिले होते, ते त्याने सांगितले. ते कोणी पुसले नाही आणि आठवडाभर तसेच राहिले. त्या बोर्डावरून मी रोज जात होतो.

तो तासभर बोलला. मी मध्ये एकही वाक्य टाकले नाही. मुक्त विद्यापीठाचा अर्ज आणून देऊ का, हे माझ्या ओठांवर आले होते, तेही मी गिळले. जाताना त्याने स्वतःच विचारले, "सर, ती खोली अजून आहे का?"

आहे, म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मी खोलीतले टेबल बाहेर काढले. आता तिथे दोन खुर्च्याच आहेत.